न्याहारी टाळावी की रात्रीचे जेवण?

रक्ततपासणीच्या अहवालात उपाशीपोटीची साखर १०५ किंवा ११० दिसली की, 'मधुमेह नाही ना' एवढे विचारून सुटकेचा निःश्वास टाकला जातो. हा आकडा मधुमेहाचा नसला, तरी तो दुर्लक्ष करण्याजोगाही नसतो. अशा वेळी अनेक जण सकाळची न्याहारी बंद करून दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळेत खाण्याचा परिपाठ सुरू करतात. १६ तास उपवास आणि आठ तास आहार अशा या पद्धतीचा लाभ कोणाला होतो, किती होतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी होतो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

इन्शुलिनला प्रतिरोध म्हणजे काय?

जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायू, यकृत आणि मेदपेशी यांच्याकडे वळवण्याचे काम इन्शुलिन करते. हे संप्रेरक स्वादुपिंडात तयार होते. पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या की तेवढ्याच कामासाठी अधिक इन्शुलिन लागते. स्वादुपिंड काही वर्षे ही वाढीव मागणी पुरवते. त्या काळात साखर जवळपास सामान्य राहते, पण इन्शुलिनची पातळी चढलेली असते. पुढे स्वादुपिंडाची क्षमता अपुरी पडू लागली की साखर वाढते.

अमेरिकी निकषांनुसार उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९ मिलिग्रॅम किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असल्यास ती मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने उपाशीपोटीच्या साखरेची ही सीमा ११० पासून धरली आहे. त्यामुळे १०५ हा आकडा एका निकषाने सदोष आणि दुसऱ्याने निर्दोष ठरतो. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक कंबर, तसेच मानेवरील काळसर, मखमली त्वचा ही प्रतिरोधाची बाह्य लक्षणे होत.

भारतीयांना अधिक धोका

सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण मोठे असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध करून हे दाखवून दिले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींचा अंदाज वर्तवण्यात आला.

उपवासात काय घडते?

शेवटच्या जेवणानंतर काही तासांनी इन्शुलिनची पातळी उतरते. यकृतातील साठवलेली साखर वापरली जाते आणि हळूहळू शरीर चरबीवर अधिक अवलंबून राहू लागते. उपवासाचे समर्थन मुख्यतः याच प्रक्रियेवर आधारलेले आहे. तथापि, उपवास जितका लांबतो, तितकी रक्तातील मेदाम्ले वाढतात आणि त्यानंतरच्या पहिल्या जेवणाची साखर हाताळताना स्नायू काहीसे मंदावतात. न्याहारी केलेल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर साखर तुलनेने कमी चढते, त्याचे हे एक कारण. टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांवरील एका प्रयोगात, न्याहारी टाळलेल्या दिवशी दुपारच्या व रात्रीच्या अशा दोन्ही जेवणांनंतरची साखर अधिक वाढल्याचे २०१५ मध्ये नोंदवले गेले. अर्थात, हे रुग्ण मधुमेही होते. सौम्य प्रतिरोध असलेल्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

महत्त्व घड्याळाचे

साखर हाताळण्याची शरीराची क्षमता सर्वसाधारणपणे सकाळी अधिक आणि रात्री कमी असते. अमेरिकेत मधुमेहपूर्व अवस्थेतील आठ पुरुषांना पाच आठवडे दिवसाच्या पूर्वार्धातील सहा तासांतच आहार देण्यात आला. शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत होत असे. वजन न घटताही त्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली आणि रक्तदाब उतरला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहान असला, तरी बोलका आहे.

याउलट, दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत खाणाऱ्यांचा ११६ जणांवरील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनंतर तीन वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत वजनात वा साखरेत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट घटलेल्या वजनात स्नायूंचा वाटा चिंताजनक असल्याचे दिसले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील १३९ जणांच्या अभ्यासात दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले, तेव्हा सकाळी आठ ते दुपारी चार या वेळमर्यादेने वर्षभरात वजनात लक्षणीय भर घातली नाही. तात्पर्य, न्याहारी वगळणे हे कमी खाण्याचे एक साधन ठरू शकते. मात्र रात्री उशिरा भरपेट जेवायचे असेल, तर तो उपवास फारसा उपकारक ठरण्याची शक्यता नाही.

आपल्याकडील परंपरा

सूर्यास्तापूर्वी जेवण्याची जैनांची चोविहाराची रीत आणि चातुर्मासातील एकभुक्त राहण्याचा नेम महाराष्ट्राला परिचित आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेली दोनदाच जेवण्याची पद्धतही घरोघरी पोहोचली आहे. एकादशीचा उपवास मात्र वेगळा. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. त्याची खिचडी, बटाटा आणि गोड चहा घेतल्यावर इन्शुलिनला विश्रांती मिळत नाही.

व्यवहारात काय करावे?

• रात्रीच्या जेवणानंतर किमान १२ तास काही न खाणे ही सोपी सुरुवात आहे. साखर-दुधाचा चहा आणि बिस्किटे हेही खाणेच होय.

• लोकलने रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्यांनी पोळी-भाजी सायंकाळी सातच्या सुमारास कार्यालयातच घ्यावी आणि घरी ताक किंवा सूप एवढ्यावर भागवावे.

• न्याहारी करायची असल्यास मोडाची उसळ, मुगाचे धिरडे किंवा अंडी असावीत. ती टाळून अकरा वाजता वडापाव खाल्ला जात असेल, तर टाळण्यात अर्थ नाही.

• जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालावे. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा.

• तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि कंबरेचा घेर पुन्हा मोजावा. त्यांवरूनच पद्धत लागू पडते की नाही, हे ठरवावे.

कोणी टाळावे?

गर्भवती व स्तनदा माता, वाढत्या वयातील मुले, कमी वजनाच्या वा अशक्त वृद्ध व्यक्ती आणि खाण्यासंबंधी मानसिक विकार असलेल्यांनी दीर्घ उपवास करू नये. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड वा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांची साखर उपवासात धोकादायक रीतीने घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांबरोबर रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो. अशांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय उपवास सुरू करू नये. थरथर, घाम किंवा भोवळ जाणवल्यास उपवास तत्काळ सोडावा.

सौम्य प्रतिरोधाच्या टप्प्यावर बरेच काही हाती असते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात केवळ जीवनशैलीतील बदलांनी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनने तो २६.४ टक्क्यांनी कमी झाला. त्या बदलांत आहार आणि नियमित चालणे यांचा समावेश होता. न्याहारी बंद करण्याची अट नव्हती.