कांडीचं कुळ

भिलवडी-पलूसच्या पट्ट्यात म्हैस माजावर आली की डॉक्टरांना फोन जातो, "कांडी भरायचीय." ते येतात, नायट्रोजनचा डबा उघडतात, उणे १९६ अंशांतली वीर्याची बारीक नळी चिमट्यानं उचलून ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतात, टोक कापून गनमध्ये बसवतात. पाव मिलिलिटर ऐवज थेट गर्भाशयात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, हे पोरासोरांनाही पाठ.

कांडीचा मूळ पुरुष इटलीचा स्पालांझानी. अठराव्या शतकात त्यानं कुत्रीवर हा प्रयोग केला. भारतात कृत्रिम रेतन आलं म्हैसूरला, १९३९ साली. त्याच वर्षी साताऱ्याजवळच्या लिंबचे भास्कर गणेश चितळे भिलवडीत दुधाच्या धंद्यात उतरले. पण तेव्हा वीर्य ताजंच लागे. १९४९ साली इंग्लंडात पोल्ज आणि सहकाऱ्यांना कळलं, की ग्लिसरॉल घातलं तर कोंबड्याचे गोठवलेले शुक्राणू जगतात. तेही बाटलीवरच्या चुकीच्या लेबलामुळे! चारच वर्षांत अमेरिकेत गोठवलेल्या वीर्यापासून माणसाची मुलं जन्मली.

माणसांच्या दवाखान्यातलं आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, हे कांडीचं सख्खं भावंड. वीर्य तेवढं आधी धुऊन घेतात, नाहीतर त्यातल्या द्रवानं गर्भाशयाला कळा येतात. बाईच्या गर्भनलिका बंद असतील तर आयव्हीएफ: इंजेक्शनं देऊन बीजं वाढवायची, सुईनं काढायची, बशीत फलन करून गर्भ आत सोडायचा. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ला असं बाळ जन्मलं. शुक्राणू फारच कमी असतील तर एकच निवडून बीजात टोचतात. ती इक्सी, १९९२ची.

म्हशीच्या कांडीची चर्चा पारावर होते. स्वतःच्या उपचारासाठी मात्र गावात कळू नये म्हणून लांबच्या शहरातला डॉक्टर गाठतात, आणि तपासणी आधी सुनेचीच. गोठ्यात तरी वळूची वंशावळ आधी बघतात.

कुळातली धाकटी पाती भिलवडीतच आहे. चितळे डेअरी आणि जीनस एबीएस यांच्या केंद्रात मादी वासरांसाठीच्या कांड्या तयार होतात. मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत डीएनए चारेक टक्के जास्त असतो. रंगवून लेझरसमोरून नेले की ते वेगळे काढता येतात. दहातल्या नऊ वेळा कालवडच. गोठ्याला लेक हवी असते, घराला मात्र अनेकदा नको असते. याच सांगली जिल्ह्यात म्हैसाळला मार्च २०१७मध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. माणसांत मुलगा-मुलगी निवडणं, अगदी गर्भ राहण्याआधीही, २००३च्या दुरुस्तीनंतर पीसीपीएनडीटी कायद्यानं गुन्हा आहे.