पान आणि फूल : गांजाच्या कायद्याची जात

एकाच झाडाचे पान देवाच्या प्रसादात जाते आणि त्याच झाडाचे फूल माणसाला तुरुंगात घालते. हा चमत्कार वनस्पतिशास्त्राने केलेला नाही. तो कायद्याने केला आहे, आणि कायद्याला तो सुचण्याच्या कितीतरी आधी समाजव्यवस्थेने करून ठेवला होता. भांग म्हणजे पान, गांजा म्हणजे मादी झाडाचा राळेने चिकट झालेला तुरा. पान वाटून दुधातून घेणारा तो शिवभक्त, चिलमीतून तुरा ओढणारा तो गंजेटी. हे दोन शब्द एका तागडीत कधी तोलले गेले नाहीत.

प्रारंभीच एक खुलासा करतो. हा लेख गांजाची वकिली नव्हे. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. व्यसनाने आपल्या वस्त्या किती पोखरल्या हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही. परंतु व्यसन वाईट म्हणून व्यसनावरचा कायदा आपोआप न्याय्य ठरत नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने तो कायदा कोणासाठी झाला आणि कोणावर चालला, हे तपासलेच पाहिजे.

मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा १८७८ साली झाला. गिरगाव-माहीमकडच्या माडांच्या वाड्यांतून ताडी काढणारा भंडारी आणि नगर, सातारा, खानदेशात गांजा पिकवणारा शेतकरी असे दोघेही त्याच्या कक्षेत आले. परवान्यावाचून गांजा पेरायचा नाही, परवान्यावाचून विकायचा नाही. सरकारला व्यसन बंद करायचे नव्हते; व्यसनाची वाट आपल्या तिजोरीवरून वळवायची होती. दारूच्या दुकानांचे परवाने वाढू लागले तेव्हा, १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्याविरुद्ध लेखी हरकत घेतली. महसूल कोणाच्या घरातून जातो हे त्यांना दिसत होते.

पुढे २ मार्च १८९३ रोजी विल्यम केन या मद्यपाननिषेधवादी सभासदाने ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला आणि त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले गेले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सात सभासदांत हिंदी तिघे : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. कमिशनने ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने विशेष हानी होत नाही, संपूर्ण बंदी नको, परवाने आणि कर यांनी नियंत्रण ठेवावे, हा त्याचा निष्कर्ष. रॉय आणि निहालचंद यांनी भिन्न मत नोंदवले. गांजाच्या समर्थकांना हा अहवाल फार आवडतो. त्यांना तो का आवडतो हे समजण्यासारखे आहे. पण तो आपल्या डोळ्यांनी वाचला तर वेगळे काही दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे वर्गवारी. अहवालाच्या म्हणण्याप्रमाणे भांग ही प्रामुख्याने वरच्या आणि मध्यम थरांत चालते. गांजा आणि चरस बैरागी, गोसावी, फकीर आणि कष्टकरी खालच्या थरांत. ही केवळ नोंद आहे असे म्हणता येईल. पण कमिशनच्या पुढे बंदीविरुद्ध जी कारणे होती, त्यांत साधू-बैराग्यांचा असंतोष नको हे एक ठळक कारण होते. हमालाचा किंवा शेतमजुराचा असंतोष कोणी मोजला असेल तर तो महसुलाच्या आकड्यात.

दुसरी गोष्ट वेड्यांच्या इस्पितळांची. गांजाने माणूस वेडा होतो हा समज सरकारी अहवालांत पक्का रुजला होता. कमिशनने १८९२ साली दाखल झालेल्यांची प्रकरणे तपासली आणि त्यातून जे निघाले ते मला या संपूर्ण अहवालातले सर्वांत मोलाचे वाटते. रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाला पोलीस पकडून आणत. त्याच्या कागदावर वेडाचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असे. रकाना रिकामा ठेवणे बरे दिसत नसे, म्हणून कारण ठाऊक नसले की ‘गांजा’ लिहून टाकत. डॉक्टर तोच शब्द आपल्या वहीत उतरवी आणि वर्षअखेरीस तो आकडा होऊन सरकारात जाई. ज्याला नाव नाही, गाव नाही, ज्याची चौकशी करायला कोणी येणार नाही, त्याच्या वेडाचे कारण शिपाई ठरवणार! उपास, ताप, घरातले मरण, मार यांसाठी रकान्यात शब्द नव्हता. कुलाब्याचे वेड्यांचे इस्पितळ गिरगावापासून फार दूर नाही. तिथे गेलेल्या कितीजणांच्या कपाळी हा एक शब्द आला असेल, याचा विचार मनातून जात नाही.

तिसरी गोष्ट श्रमाची. कमिशनने साक्षीदारांपुढे ७० प्रश्न ठेवले. त्यांत गांजा पिकवणारे हे इतर शेतकऱ्यांच्याच वर्गातले की त्यांचा वेगळा वर्ग आहे, असाही प्रश्न होता. म्हणजे परवाना कोणाच्या नावे आहे त्याची चौकशी झाली. खळ्यावर कोण राबले त्याची नाही. आणि या पिकात खरे काम खळ्यावरचे आहे.

पावसाळ्यात पेरणी, हिवाळ्यात कापणी. झाडाला फुलोरा येऊ लागला की नर झाडे ओळखून उपटावी लागतात. एखादे नर झाड राहिले तर परागाने माद्यांत बी धरते, राळ कमी होते आणि माल उतरतो. ही ओळख फार बारीक नजरेची. बंगालमध्ये, नौगावच्या गांजा-महालात, त्यासाठी ‘पोद्दार’ म्हणून खास माणूस मजुरीने लावत आणि तो ओळीओळीने शेतातून फिरे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातले डेव्हिड प्रेन यांनी १८९३ साली या शेतीवर स्वतंत्र अहवाल लिहिला, त्यामुळे हे तपशील आपल्याला मिळतात. मग तुरे पिवळसर पडू लागले की कापणी. कापलेले तुरे उन्हात पसरायचे आणि राळ एकमेकांत बसावी म्हणून पायांनी तुडवायचे. परत पसरायचे, परत तुडवायचे. ओळीने उभी राहून माणसे ही मळणी करत. हातापायांना ती राळ इतकी चिकटते की साध्या पाण्याने निघत नाही. कमिशनने शेरांचा आणि एकरांचा हिशेब ठेवला, तुडवणाऱ्या पायांचा ठेवला नाही.

या पिकाची एक कीड आहे, तिच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या प्रश्नाचे एक टोक तिच्यात अडकले आहे. शेतीच्या पुस्तकात तिला ‘लाल कोळी’ म्हणतात. (मुंबईच्या मूळ रहिवाशांचे नाव एका किडीला चिकटलेले पाहून मला दर वेळी अडखळायला होते. अर्थ जाळे विणणारा एवढाच आहे, हे कबूल.) हा कीटक नव्हे, आठ पायांचा, टाचणीच्या टोकाएवढा जीव. पानाच्या खालच्या अंगाला बसून रस शोषतो, वरून पानावर फिकट ठिपके दिसतात. हवा कोरडी आणि गरम असली की आठवड्याभरात नवी पिढी उभी राहते आणि फुलोऱ्यावर जाळी धरते. पाऊस आणि थंडी त्याला मानवत नाही. म्हणून उघड्यावरच्या पिकात तो आधीच आवरावा लागतो : खालची लागण झालेली पाने खुडून जाळायची, पानाच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, फुलोरा येण्यापूर्वी गंधक वापरायचे. तुरा धरल्यावर औषध मारणे हा गुन्हाच समजावा, कारण तो तुरा कोणी धुऊन शिजवून खाणार नाही. जाळून थेट फुप्फुसात घेणार आहे. तुऱ्यावर जाळी चढलीच तर तो भाग कापून टाकायचा आणि उरलेला माल लवकर उतरवायचा, याहून प्रामाणिक उपाय नाही. शिवाय जालीम कीटकनाशकाने कोळ्याला खाणारे मित्रजीव आधी मरतात आणि कोळी दुपटीने वाढतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी रसायने आली तेव्हा जगभर हा अनुभव आला.

कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. तिथे कापणी झालेल्या मालात कीटकनाशकाचा अंश किती, हे प्रयोगशाळेत तपासतात. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, वनजमिनीवर चोरून हे पीक घेतले जाते आणि पोलीस ते उपटून जाळतात, अशा बातम्या दरवर्षी येतात. कापूस, तूर किंवा मक्याच्या आड लपवलेल्या झाडावर शेजारच्या पिकाचेच औषध पडणार, दुसरे काय होणार? ते मारणाऱ्या मजुराच्या तोंडाला फडके असेल-नसेल. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ते तर कायदेशीर पीक होते आणि तरीही मेले. चोरट्या पिकातला मजूर आजारी पडला तर दवाखान्यात कोणत्या पिकाचे नाव सांगेल?

आता कायद्याकडे वळू. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांग आणि गांजा दोन्ही मादक द्रव्ये ठरवली. निदान कागदावर तरी पान आणि फूल एका पंक्तीला बसले. पण १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात व्याख्या अशी झाली की तुरे बंद आणि नुसती पाने व बी बाहेर. भारताने या करारात गांजाचा वापर थांबवायला २५ वर्षांची मुदत घेतली होती. ती सरत आली तेव्हा संसदेने १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा केला आणि हीच व्याख्या त्यात उतरली. तुऱ्यासह असेल तर गांजा, तुऱ्यावाचून पान असेल तर या कायद्याला ते दिसत नाही. १८९४ च्या अहवालात सेवन करणाऱ्यांची जी विभागणी होती, तीच शिक्षेची विभागणी झाली. झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वीस किलोहून अधिक गांजा सापडला तर कमीत कमी दहा वर्षे. राजस्थान, उत्तर प्रदेशात मात्र भांगेची दुकाने सरकारी परवान्याने चालतात.

मी गिरगावात शिकवतो. होळीला या भागात थंडाईचे प्याले फिरतात आणि त्यांत काय मिसळले आहे हे कोणी हुंगून पाहत नाही. महाराष्ट्राचा कायदा भांगेलाही लागू आहे, पण त्या दिवशी त्याला सुट्टी असते. पुलाखाली झोपणाऱ्या हमालाच्या खिशातल्या पुडीला सुट्टी नसते. मुंबईतल्या न्यायालयांतील २०१७ आणि २०१८ सालच्या अशा खटल्यांचा अभ्यास ‘विधि सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला. बहुसंख्य खटले स्वतःच्या सेवनाचे, त्यांतले बहुसंख्य गांजाचे, आणि आरोपी मुख्यतः रोजंदार, पदपथावर आणि झोपडपट्टीत राहणारे. गुन्हा कबूल करून दंड भरला की सुटका, अशी वाट. पण नोंद राहते आणि पुढच्या वेळी शिपायाला तोच चेहरा आठवतो. इकडे २०१८ पासून उत्तराखंडात औद्योगिक भांगेच्या शेतीला परवाने मिळू लागले. मुंबईत त्याआधीच, २०१३ साली, उच्चशिक्षित तरुणांनी ‘बॉम्बे हेम्प कंपनी’ स्थापन केली होती. धागा, तेल, औषध यांचा तो व्यवसाय कायद्याच्या चौकटीत चालतो, त्याला माझी हरकत नाही. परवान्यासाठी लागणारे भांडवल, वकील आणि इंग्रजी अर्ज सातपुड्यातल्या पावऱ्याकडे कोठून येणार, हा माझा प्रश्न आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अबकारीचा प्रश्न नीतीच्या ओट्यावरून खाली उतरवून हिशेबाच्या वहीत मांडला होता. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या आधी आठच दिवस, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक काढते. जेवढे अबकारीतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. दारू, अफू, ताडी, गांजा या सगळ्यांचा पैसा त्या आकड्यात होता, आणि त्यात खळ्यावर तुडवणाऱ्यांचे श्रम आणि चिलीम ओढणाऱ्यांची मजुरीही होती. आज गांजावर महसूल नाही, दंड आहे. तो दंड कोणत्या वस्त्यांतून किती जमा होतो आणि त्या वस्त्यांतल्या शाळांवर, व्यसनमुक्तीच्या केंद्रांवर किती खर्च होतो, हा हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येईल. माझ्या वर्गातल्या चार विद्यार्थ्यांनी डोंगरी, भायखळा आणि नागपाडा या तीन पोलीस ठाण्यांपासून सुरुवात करायची असे ठरवले आहे.