जुने घड्याळ केव्हा उतरवावे? मनगटावरच्या अर्धशतकाचा हिशेब

१/ मनगटावरचे स्मार्टवॉच नीट चालत असते आणि बाजारात त्याची पुढची आवृत्ती दाखल होते. नवे घ्यावे की आहे तेच वापरावे? हा प्रश्न आजच्या पिढीचा वाटतो. वस्तुतः गेल्या अर्धशतकात घड्याळ वापरणाऱ्यांसमोर तो अनेकदा उभा राहिला आहे. कोणाचा निर्णय फळला आणि कोणाचा फसला, याचा हा आढावा.

२/ २५ डिसेंबर १९६९, टोकियो. सेइको कंपनीने ‘क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन’ हे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. किंमत ४,५०,००० येन. त्या काळी जपानमध्ये जवळपास तेवढ्याच पैशांत टोयोटा कोरोला मोटार येत असे. चावीचे घड्याळ दिवसाकाठी काही सेकंद मागेपुढे होई. ॲस्ट्रॉनची चूक मात्र महिन्याला सुमारे ५ सेकंद.

३/ हे साधले कसे? सेलमधील विजेने गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या स्फटिकाची गती सेकंदाला ३२,७६८ कंपने. ही संख्या १५ वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो, आणि काटा एक सेकंद पुढे सरकतो. अचूक वेळ सांगणे हे घड्याळाचे मूळ कामच येथे कित्येक पटींनी सुधारले होते.

४/ प्रत्येक नवलाई अशी सकस नव्हती. १९७२ मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीचे ‘पल्सर’ आले: सोन्याचे कवच, काटे नाहीत, लाल दिव्यांनी उमटणारे आकडे. किंमत २,१०० डॉलर. पण ते दिवे इतकी वीज खात की आकडे सतत पेटते ठेवणे अशक्य होते. वेळ पाहण्यासाठी दुसऱ्या हाताने कळ दाबावी लागे. जे काम साध्या घड्याळात एका नजरेत होई, त्याला आता दोन हात लागत.

५/ त्यानंतर चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्याच जातीचे प्लॅस्टिकचे घड्याळ सुमारे २० डॉलरला विकायला काढले. लवकरच द्रवस्फटिक पडद्याची, म्हणजे एलसीडीची, घड्याळे आली. त्यांत आकडे सतत दिसत आणि वीजही नाममात्र लागे. लाल दिव्यांचे पर्व दशकाच्या आत मावळले. ज्यांनी धीर धरला, त्यांना अधिक सोयीची वस्तू फार थोड्या पैशांत मिळाली.

६/ भारतात हाच पेच निराळ्या रूपात आला. १९६१ मध्ये बंगळूरच्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनविण्यास आरंभ केला. ‘जनता’, ‘पायलट’ अशी तिची चावीची घड्याळे घरोघर पोहोचली. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तामिळनाडू शासनाचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून टायटन उभी राहिली. तिने सारी भिस्त क्वार्ट्झवर ठेवली. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळे काढली, पण बाजारातील अग्रस्थान तिला राखता आले नाही.

७/ २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. पण ‘जनता’ घड्याळ त्या निर्णयाने थांबले नाही. रोज चावी द्यावी, काही वर्षांनी घड्याळजीकडून साफसफाई आणि तेलपाणी करून घ्यावे, की ते पुन्हा चालू. कारखाना बंद झाला तरी वस्तू मालकाचीच राहिली. ती केव्हा उतरवायची, हे ठरविणाराही मालकच.

८/ ही मालकी पहिल्यांदा डळमळली ती ‘स्मार्ट’ घड्याळांच्या काळात. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘स्पॉट’ तंत्रावर चालणारी घड्याळे अमेरिकेत विकली जाऊ लागली. एफएम रेडिओलहरींवरून त्यांवर बातम्या, हवामान आणि शेअरबाजाराचे भाव येत. त्यासाठी वर्षाला ५९ डॉलर वर्गणी भरावी लागे. १ जानेवारी २०१२ रोजी ती सेवा बंद झाली. घड्याळाचा एकही भाग झिजला नसला, तरी ज्यासाठी ते घेतले ते कामच संपले.

९/ पुढचे उदाहरण ‘पेबल’. २०१२ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर सुमारे ६९,००० लोकांनी मिळून १ कोटी २ लाखांहून अधिक डॉलर या घड्याळासाठी आगाऊ दिले. साधा कृष्णधवल पडदा आणि एकदा चार्ज केल्यावर सुमारे आठवडाभर चालण्याची क्षमता, ही त्याची ओळख. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि तिचे सॉफ्टवेअर फिटबिटने घेतले. ३० जून २०१८ नंतर मूळ ऑनलाइन सेवाही थांबली.

१०/ येथे मात्र इतिहासाने वेगळे वळण घेतले. ‘रिबल’ या नावाने एकत्र आलेल्या चाहत्यांनी बंद पडलेल्या सेवांना पर्याय उभा केला. पुढे फिटबिट गूगलकडे गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या प्रणालीचा बराचसा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. घड्याळजीची जागा जणू या हौशी प्रोग्रामरांनी घेतली. असे भाग्य फार थोड्या उपकरणांना लाभते.

११/ सर्वांत महागडा धडा सोन्याचा. एप्रिल २०१५ मध्ये पहिले ॲपल वॉच आले. साध्या घड्याळाची किंमत ३४९ डॉलरपासून पुढे, तर १८ कॅरेट सोन्याच्या ‘एडिशन’ची १०,००० ते १७,००० डॉलर. आतील संगणक मात्र दोहोंत एकच. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेली नवी प्रणाली, वॉचओएस ५, या पहिल्या पिढीवर चालेना. सोने झळाळत राहिले, पण त्यातला संगणक साडेतीन वर्षांत जुना ठरला.

१२/ त्याच महिन्यात आलेल्या ॲपल वॉच सिरीज ४ ने हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढण्याची सोय आणली. तो आलेख ठोक्यांची विशिष्ट अनियमितता दाखवू शकतो. हृदयविकाराचा झटका मात्र ओळखू शकत नाही. ज्यांना अशा नोंदीची गरज होती, त्यांच्यासाठी ही सुधारणा खरीच मोलाची. परंतु भारतातील वापरकर्त्यांना त्या सोयीसाठी २०१९ पर्यंत थांबावे लागले. जाहिरातीतील गुण आपल्या देशात चालू आहे काय, हेही पाहावे लागते ते असे.

१३/ आणखी एक मर्यादा रसायनाची. स्मार्टवॉचमधील लिथियम-आयन बॅटरी शेकडो वेळा चार्ज झाल्यावर क्षीण होऊ लागते. क्वार्ट्झ घड्याळाचा सेल कोपऱ्यावरच्या दुकानात काही मिनिटांत बदलून मिळे. स्मार्टवॉचचे कवच बहुधा चिकटवून बंद केलेले असते, त्यामुळे बॅटरी बदलणे खर्चाचे होते. तरीही केवळ बॅटरी थकली असेल, तर नव्या घड्याळापूर्वी त्या दुरुस्तीची चौकशी करणे शहाणपणाचे.

१४/ या साऱ्या इतिहासातून तीन कसोट्या हाती लागतात. नव्या घड्याळाने मूळ काम सुधारले आहे, की पल्सरसारखी केवळ चमक वाढवली आहे? जुन्या घड्याळाला सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि फोनची साथ अजून मिळते काय? आणि नवे घ्यायचेच तर त्याला ही साथ किती वर्षे मिळेल, हे कंपनीने स्पष्ट सांगितले आहे काय?

१५/ पहिल्या कसोटीचे उत्तर ‘केवळ चमक’ आणि दुसरीचे ‘मिळते’ असेल, तर जुने घड्याळ उतरविण्याचे कारण उरत नाही. साथ सुटली असेल, तर नवे घेण्यात उधळपट्टी नाही. चावीच्या घड्याळाचे आयुष्य त्याच्या चाकांत होते. स्मार्टवॉचचे आयुष्य कंपनीच्या वचनात आहे. म्हणून खरेदीपूर्वी तबकडीपेक्षा ते वचन अधिक बारकाईने वाचावे.