कुरणशाळेची साधने : बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाचा एक भाषिक विचार

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहिताना व्यक्तींचा आणि संस्थांचा इतिहास लिहिला जातो, साधनांचा क्वचितच. फळा, पाटी, मणी, अक्षरांचे ठोकळे या वस्तू कोणी घडविल्या, त्या कोणत्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून घडविल्या, आणि दुसऱ्याच प्रकारच्या विद्यार्थ्याच्या हाती पडल्यावर त्यांचे काय झाले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात डहाणू तालुक्यातील बालशिक्षणाच्या प्रयोगाकडे या बाजूने पाहावयाचे आहे. प्रयोग सर्वपरिचित आहे. त्याची भाषिक बाजू मात्र माझ्या समजुतीप्रमाणे पुरेशी तपासली गेलेली नाही.

हा विचार मनात आला तो धाकट्या डहाणूस. डहाणूच्या खाडीकाठचे हे प्रामुख्याने मांगेला समाजाचे, मासेमारीवर जगणारे गाव. होडीतून आलेली मासळी किनाऱ्यावर ओतली की बायकांच्या बरोबरीने मुलीही ती निवडावयास बसतात. पाच-सहा वर्षांची एक मुलगी कोळंबी वेगळी, बारीक मासळी वेगळी, मोठी वेगळी, अशा राशी करीत होती. एखादा नग चुकीच्या राशीत पडला तर कोणी काही सांगण्यापूर्वीच तिचा हात परत येई आणि तो नग उचलून योग्य जागी टाकी. बालवाडीतील दट्ट्यांची पेटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दृश्याची ओळख पटावी. लाकडी पेटीतील खाचांत लहानमोठे दट्टे बसवावयाचे; एक चुकला की शेवटचा बसत नाही, आणि चूक झाली हे मुलाला वस्तूच सांगते. गुरुजींना बोलावे लागत नाही.

हे न बोलणे आकस्मिक नाही. मारिया माँटेसोरी यांच्या साधनांचा उगम पाहिला तर ते ध्यानात येते. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतील वैद्य इतार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, रानात सापडलेल्या एका न बोलणाऱ्या मुलाला शिकविण्याचा यत्न केला. त्यांचे शिष्य सेगँ यांनी मतिमंद मुलांसाठी ती पद्धती वाढविली. माँटेसोरींनी रोममध्ये तशाच मुलांसाठी या दोघांचे ग्रंथ अभ्यासले आणि नंतर, १९०७ मध्ये, सान लोरेन्झो या गरीब वस्तीतील सर्वसाधारण मुलांसाठी पहिले बालगृह उघडले. म्हणजे ही साधने मुळात अशा विद्यार्थ्यांसाठी जन्मास आली की ज्यांच्यापर्यंत शिक्षकाचे शब्द पोहोचत नव्हते. शब्दाची जागा स्पर्शाने घ्यावी, हे त्यांचे मूळ तत्त्व होय.

भारतात ही पद्धती रुजली ती माँटेसोरी १९३९ मध्ये अड्यारला येण्यापूर्वीच. गिजुभाई बधेका यांचे भावनगरचे बालमंदिर १९२० मधले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार चालविला. परंतु भावनगर काय किंवा दादर काय, ही शहरे होती. तेथील मूल सकाळी न्हाऊन येई, ठरलेल्या वेळी येई, आणि त्याची घरची बोली शिक्षिकेच्या बोलीपासून फार दूर नसे. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकदम सुटल्या.

प्रथम वेळेची गोष्ट. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली वस्ती अगदी अंगाशी आली. वारल्यांचे मूल रिकामे नसते. ते गुरे राखते किंवा पाठीवर धाकटे भावंड घेऊन हिंडते. या प्रदेशातील गवताला मुंबईच्या तबेल्यांमुळे किंमत होती. १९४५ मध्ये, ज्या साली केंद्र निघाले त्याच साली, वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तेव्हा गवतकापणीची मजुरी ही त्यांची एक मुख्य मागणी होती. कुरण हा शब्द आपल्याला रम्य वाटतो. त्या मुलांच्या दृष्टीने ती कामाची जागा होती, आणि तेथून उठून शाळेत जाणे म्हणजे एखाद्या मजुराने काम सोडून जाणे होते.

केंद्राने यावर दिलेली उत्तरे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आलेली आहेत. येथे फक्त साधनांच्या बाजूने त्यांची नोंद घेतो. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडी. गुराख्यांसाठी शाळा कुरणावर न्यावी, ही कुरणशाळा. भावंड सांभाळणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असावीत, ही विकासवाडी. या तिन्ही योजनांचा एक यांत्रिक परिणाम अपरिहार्य होता : साधन खांद्यावरच्या पिशवीत मावले पाहिजे. लाकडी पेट्यांचा संच कुरणावर कसा न्यावयाचा? तो महाग, आणि पावसात फुगणारा. म्हणून शिंपले, खडे, चिंचोके, पाने, बिया, बांबूचे तुकडे, माती ही साधने झाली. हरवली तरी तेथेच पुन्हा मिळत.

(१९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आता अंगणवाडी म्हटली की एक खोली आणि तिच्यावरील पाटी आठवते. शब्द टिकला, त्यातील अंगण गेले. अर्थपरिवर्तनाचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांना हा शब्द द्यावयास हरकत नाही.)

या बदलात लाभच झाला असे सरसकट म्हणता येणार नाही. माँटेसोरींच्या साधनांत एका वेळी एकच गुण बदलतो. मनोऱ्याचे ठोकळे आकाराने उतरते असतात, रंग मात्र सर्वांचा एक. शिंपल्यांत आकार, रंग, वजन, खरखरीतपणा सर्व एकदम बदलते; मुलाचे लक्ष कशावर जाईल याचा भरवसा नाही. काटेकोर माँटेसोरीवाद्यांनी या साधनांना साधने म्हणू नये, हे समजण्यासारखे आहे. तथापि धाकट्या डहाणूच्या त्या मुलीचे उदाहरण पाहावे. मासळीतही सर्व गुण एकदम बदलतात, आणि तरी ती निवडते, कारण कोणता गुण महत्त्वाचा हे तिला घरच्या कामातून ठाऊक आहे. वस्तू परिचित असेल तर गुणाचे पृथक्करण मूल स्वतः करते, असे मला वाटते. माँटेसोरींनी जे सुताराकडून करवून घेतले ते येथे परिचयाने केले.

येथवर सर्व ठीक. अडचण येते ती अक्षरांपाशी, आणि माझ्या विषयाचा खरा संबंध येथून सुरू होतो.

माँटेसोरींचे सर्वांत कल्पक साधन म्हणजे खरखरीत अक्षरे. काचकागदातून कापून पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या अक्षरावरून मूल बोट फिरविते आणि त्याच वेळी ध्वनी उच्चारते; डोळा, बोट आणि कान यांची सांगड पडते. ही युक्ती इटालियन भाषेत उत्तम चालते, कारण तेथे लेखन उच्चाराच्या बरेच जवळ आहे. देवनागरीतही ती चालावी असे प्रथम वाटते. परंतु प्रमाण मराठीतही चार आणि चाक यांतील आरंभीचे ध्वनी भिन्न असून अक्षर एकच आहे. इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्व तर पुष्कळदा कानापेक्षा नियमावर अवलंबून असते. पुण्याच्या मुलाला एवढ्याच अडचणी आहेत. डहाणूच्या मुलाला आणखी आहेत.

ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या सातव्या, मराठीविषयक खंडात (१९०५) वारली बोलीची नोंद मराठीच्या बोलींत केलेली आहे. भोवताली धोडी, दुबळा, कोकणा, काथोडी, मांगेला अशा समाजांच्या बोली आहेत, आणि कित्येकांच्या तोंडी गुजरातीचा अंश आहे. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा शेजारच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला. बोलींना ही सीमा अर्थातच कळली नाही. उत्तर कोकणच्या अनेक बोलींत ण आणि न, तसेच ळ आणि ल, हे भेद प्रमाण मराठीप्रमाणे राखले जात नाहीत. अशा बोलीतील मुलापुढे ण आणि न ही दोन खरखरीत अक्षरे ठेवली की काय होते? बोटाला दोन आकार लागतात, कानाला एकच ध्वनी मिळतो. दट्टा चुकला तर तो खाचेत बसत नाही. येथे मात्र दोन्ही अक्षरे एकाच खाचेत बसतात. वस्तू मूक होते आणि चूक दाखविण्यासाठी शिक्षकाला बोलावे लागते. मुलाच्या दृष्टीने ती चूक नाहीच. म्हणजे जे साधन शब्दाशिवाय शिकविण्यासाठी जन्मले, ते नेमके येथे शिक्षकाच्या शब्दाचे, आणि तेही परक्या बोलीतील शब्दाचे, अंकित होते.

यावरून साधनांचे दोन वर्ग पाडावेत असे मी सुचवितो : बोलीनिरपेक्ष आणि बोलीसापेक्ष. कुरणशाळेची निवडानिवड, मोजणी, मातीकाम, रांगोळी पहिल्या वर्गात येतात, आणि माझ्या मते या प्रयोगाचे यश प्रथम या वर्गात आहे. दुसऱ्या वर्गातील साधने देशी द्रव्यांची केली तरी देशी होत नाहीत. ण हे अक्षर चिंचोक्यांनी मांडले काय किंवा काचकागदाचे केले काय, त्याचा ध्वनी प्रमाण मराठीचाच राहतो. गाणी आणि गोष्टी येथे मदत करतात, कारण त्या मुलाच्या तोंडून सुरू होऊ शकतात. अक्षरफलक तसा सुरू होऊ शकत नाही.

आजच्या यंत्रसाधनांनाही हाच भेद लागू पडतो. बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर संकेत, दीक्षा मंच, वर्गातील पडदा, मोबाइल संच, यांविषयी बोलताना आपण वीज आणि जाळे यांचाच विचार करतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो विचार करणे भागच होते. परंतु पडद्यावरचे चित्रकोडे आणि पडद्यावरचा अक्षरपाठ ही एकाच जातीची साधने नव्हेत. कोड्याला चुकीची खाच आहे. अक्षरपाठात ध्वनिमुद्रित आवाज प्रमाण मराठीत बोलतो आणि उत्तर न जुळल्यास पुन्हा तोच आवाज ऐकवितो. शिक्षिका निदान मुलाच्या आईशी बोलून त्याची बोली शिकू शकते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आरंभीचे शिक्षण शक्य तेथे मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून द्यावे असे म्हटले आहे. वारली मुलाच्या बाबतीत घरची भाषा म्हणजे मराठी, असे मानून आपण मोकळे होतो.

यावर उपाय अवघड नाही, पण तो सुताराने किंवा यंत्रज्ञाने करावयाचा नाही. गावातील मुलांचे बोलणे टिपून कोणते ध्वनिभेद त्यांच्या कानी आहेत आणि कोणते नाहीत याची यादी करावी. जे आहेत त्यांची अक्षरे प्रथम द्यावीत. जे नाहीत ती अक्षरे मागाहून, ओळखीच्या लेखी शब्दांच्या आधाराने, डोळ्याने शिकवावीत. कानाने शिकविण्याचा आग्रह धरू नये. पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांना एका गावासाठी हे काम एका सुटीत करता येईल.

त्याच तालुक्यातील एका बालवाडीत, नाव येथे घेत नाही, मी अक्षरपत्त्यांचा खेळ पाहिला. एका मुलाने ण आणि न हे पत्ते एकाच राशीत ठेवले. बाईंनी मान हलविली आणि पत्ता उचलून वेगळा ठेवला. मुलाने क्षणभर पाहिले, पत्ता उचलला आणि आपल्या राशीत परत टाकला, अगदी त्या मासळी निवडणाऱ्या मुलीच्या हाताने.