हजला निघण्याआधी सगळ्यांची माफी का मागतात? समजून घ्या हजचा आध्यात्मिक अर्थ

हजला जाणाऱ्या माणसाच्या घरी आधीचे काही दिवस पाहुण्यांची रीघ लागलेली असते. धाराशिव शहर असो, परंडा असो की नळदुर्ग, चित्र साधारण सारखंच. शेजारी येतात, सोयरे येतात, हार घातले जातात, दावत होते. आणि यात्रेकरू प्रत्येकाचा हात हातात घेऊन एकच गोष्ट विचारतो. माझं काही बोलणं लागलं असेल, काही देणं राहिलं असेल, तर आत्ताच सांगा आणि मला माफ करा.

बघणाऱ्याला ही निरोपाची रीत वाटते. पण हजचा अर्थ समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

हज म्हणजे नेमकं काय?

'हज' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ इरादा करणं, एका ठिकाणी जायचं ठरवून निघणं. कलमा, नमाज, रोजा आणि जकात यांच्यासोबत हज हा इस्लामच्या पाच मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. हिजरी वर्षाच्या शेवटच्या, म्हणजे जिलहिज्जा महिन्याच्या 8 ते 13 तारखांच्या दरम्यान मक्का आणि आसपासच्या परिसरात तो पार पडतो. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, त्यामुळे हज दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

मक्केची यात्रा वर्षभरात इतर दिवसांत केली, तर तिला उमरा म्हणतात. उमऱ्याचं पुण्य आहे, पण त्याने हजचं कर्तव्य पूर्ण होत नाही.

हज सगळ्यांनाच बंधनकारक आहे का?

नाही. कुरआनच्या तिसऱ्या सूरेत हजचा आदेश आहे आणि तिथेच अट आहे, की ज्याला तिथवर जाणं झेपेल त्याच्यावरच तो आहे. धर्मशास्त्रात याला 'इस्तिताअत' म्हणजे ऐपत म्हणतात. त्यात प्रवासाचा खर्च, शरीराची ताकद, वाटेतली सुरक्षितता आणि मागे राहणाऱ्या कुटुंबाचं पोट या सगळ्याचा विचार होतो. ज्याच्याकडे कर्ज फेडून काही उरत नाही, त्याच्यावर हज फर्ज होत नाही.

पाऊस दगा देतो तेव्हा अख्ख्या घराचं गणित कोलमडतं, अशा आपल्या जिल्ह्यात ही अट फार मोलाची आहे. पैसा नाही म्हणून हज राहिला, तर तो माणूस गुन्हेगार ठरत नाही. मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडून किंवा सावकाराकडून काढून हजला जा, असं धर्म सांगत नाही.

हजसाठी सरकारकडून मिळणारं विमान भाड्याचं अनुदानही आता नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं होतं आणि 2018 मध्ये ते थांबलं.

मक्केत राहण्याच्या सोयीशी मात्र या जिल्ह्याचं एक जुनं नातं आहे. उस्मानाबाद हे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून आलं होतं आणि हा भाग हैदराबाद संस्थानात होता. आपल्या रयतेतल्या यात्रेकरूंना मोफत राहता यावं म्हणून निजामांनी मक्केत 'रुबात' म्हणजे धर्मशाळा उभ्या केल्या. आजही जुन्या संस्थानी भागातल्या यात्रेकरूंची तिथे सोय होते. जागा थोड्या असल्याने चिठ्ठ्या काढून नावं ठरतात.

मग माफी कशासाठी?

मनापासून केलेला हज कबूल झाला, तर माणूस नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा निष्पाप होऊन परततो, अशी श्रद्धा आहे. पण इथे एक मोठी मेख आहे. इस्लाम दोन प्रकारची देणी मानतो. एक अल्लाहची, ज्यात नमाज-रोजे येतात. दुसरी माणसांची, ज्यांना 'हुकूक-उल-इबाद' म्हणतात. बुडवलेली उधारी, भावाचा दाबलेला वाटा, मजुराची राहिलेली मजुरी, कुणाची केलेली बदनामी हे सगळं या दुसऱ्या खात्यात जमा असतं.

पहिल्या खात्याची माफी अल्लाहकडे मागता येते. दुसऱ्या खात्याचा हिशेब ज्याचा हक्क मारला, त्याच्याकडेच मिटवावा लागतो. मक्केत कितीही अश्रू ढाळले तरी बांधावरचं भांडण तिथे मिटत नाही. म्हणून हजची पहिली पायरी आपल्याच गल्लीत असते.

हजमधल्या विधींचा अर्थ काय?

*इहराम:* पुरुष न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी पांघरतात. स्त्रिया साधे, अंग झाकणारे कपडे घालतात. अत्तर लावायचं नाही, शिकार करायची नाही, भांडायचं नाही. मालक आणि मजूर वेगळे ओळखू येत नाहीत. ही वस्त्रं कफनाचीही आठवण करून देतात.

*तवाफ:* काबेभोवती सात फेऱ्या. पूजा काबेची होत नाही. काबा ही दिशा आहे, इबादत अल्लाहचीच. काबेच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाबद्दल दुसरे खलिफा हजरत उमर यांनीही सांगितलं होतं, की तो नफा-नुकसान न करणारा दगडच आहे, पैगंबरांनी चुंबन घेतलं म्हणून आपण घेतो.

*सई:* सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात खेपा. तहानलेल्या बाळ इस्माईलसाठी पाणी शोधत हजरत हाजरा इथे धावल्या, त्याची ही आठवण. शेवटी जमजमचं पाणी लागलं. धावाधाव आपण करायची आणि भरवसा अल्लाहवर ठेवायचा, हा तिचा अर्थ. उन्हाळ्यात घागर घेऊन वणवण केलेल्या बाईला तो वेगळा सांगावा लागत नाही.

*अरफात:* 9 तारखेला या मैदानात थांबून केलेली प्रार्थना हा हजचा गाभा. हे चुकलं तर हजच होत नाही. कयामतच्या दिवशी प्रत्येकजण असाच एकटा उभा असेल, याची ही जाणीव.

*रमी आणि कुर्बानी:* तीन खांबांना खडे मारणं म्हणजे मनातल्या मोहाला नकार देणं. कुर्बानी हजरत इब्राहिम यांच्या त्यागाची आठवण देते. अल्लाहपर्यंत मांस किंवा रक्त पोहोचत नाही, मनातली निष्ठा पोहोचते, असं कुरआन सांगतो.

दर्ग्याची जियारत म्हणजे हज का?

धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांचा दर्गा आहे. दरवर्षी तिथे उरूस भरतो आणि हिंदू-मुस्लीम दोन्ही समाजांतले लोक येतात. दर्ग्याच्या भेटीला जियारत म्हणतात. सूफी परंपरेत तिला मोठं स्थान आहे, तर काही मुस्लीम पंथांना दर्ग्यावर मागणं मागणं मान्य नाही. जियारत हजची जागा घेते, असं मात्र कुणीच मानत नाही. मदिनेतल्या पैगंबरांच्या मशिदीची भेटसुद्धा हजच्या विधींमध्ये मोडत नाही.

परतल्यावर काय?

हाजी परतले की जमजम आणि खजूर घरोघरी वाटले जातात, शेजारच्या हिंदू घरांतही. नावापुढे 'हाजी' लागतं. पण हज कबूल झाला की नाही, हे माणसांना कळत नाही. आलिम एक खूण सांगतात, की परतलेला माणूस आधीपेक्षा बरा वागला पाहिजे. वजनकाट्यावर, वाटणीच्या कागदावर आणि बोलण्यात ते दिसलं पाहिजे. निघताना ज्यांची माफी मागितली होती, त्यांनाच ते सगळ्यात आधी कळतं.