रोलर कोस्टर : धक्का रुळांचा की दांड्याचा?

उंचावरून कोसळणारी गाडी, क्षणार्धात उलटे होणारे आकाश आणि पोटात उठणारा गोळा हेच रोलर कोस्टरचे आकर्षण. मात्र गाडीतून उतरणाऱ्यांपैकी अनेकांच्या तोंडी थराराबरोबर तक्रारही असते. कोणाचे कान दुखावलेले असतात, कोणाची मान अवघडलेली असते. याचा दोष बहुधा रुळांना दिला जातो. वस्तुतः प्रवाशाला आसनात धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचाही त्यात मोठा वाटा असतो. एकच मार्ग एका प्रकारच्या दांड्यामुळे खडबडीत वाटतो, तर दुसऱ्यामुळे सुखद.

दोन प्रमुख प्रकार

या यंत्रणेचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे मांड्यांवर येऊन बसणारा दांडा, अर्थात 'लॅप बार'. दुसरा म्हणजे डोक्यावरून खाली येऊन खांदे व छाती यांना जखडणारा 'शोल्डर हार्नेस'. दांडा अडकवण्याच्या पद्धतीही दोन आहेत. दातेरी पद्धतीत तो 'कट-कट' आवाज करीत एकेका टप्प्यावर अडकतो. दोन टप्प्यांच्या मध्ये शरीर आले, तर तो एक तर सैल राहतो किंवा अधिक आवळतो. द्रवदाबावर चालणाऱ्या पद्धतीत टप्पे नसल्याने तो प्रत्येकाच्या बांध्यानुसार नेमका बसतो.

लॅप बारमध्ये शरीराचा वरचा भाग मोकळा राहतो. धक्का बसला की मान व पाठीचे स्नायू तो झेलतात. हार्नेसमध्ये मात्र डोके दोन कठीण गाद्यांच्या मध्ये येते. माणसाच्या डोक्याचे वजन साधारणपणे साडेचार ते पाच किलो असते. गाडीने वेगात दिशा बदलली की आसन व हार्नेस तत्काळ वळतात, डोके मात्र जडत्वामुळे मूळ दिशेने जात राहते. ते थांबते ते गादीवर आपटूनच. उंचीने कमी असलेल्यांचे कान व जबडा नेमके या गादीच्या पातळीवर येतात, तर उंच व्यक्तींच्या खांद्यांवर भार पडतो.

उलट्या वळणांचे गणित

हार्नेसचा प्रसार झाला तो उलट्या वळणांमुळे. १९७५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म येथे 'कॉर्कस्क्रू' ही आधुनिक काळातील पहिली उलटी होणारी गाडी सुरू झाली. तिच्यात प्रवाशांना खांद्यांवरून जखडण्याची सोय होती. पुढे उलटे वळण म्हणजे हार्नेस हे समीकरणच होऊन बसले.

तथापि भौतिकशास्त्र काही वेगळेच सांगते. पुरेशा वेगाने उभा वळसा घेणाऱ्या गाडीत प्रवासी खाली पडू पाहत नाही, उलट तो आसनात दाबला जातो. त्याला वरून रोखण्याची गरज तेथे फारशी नसते. गाडी हळूहळू उलटी होते, अथवा वळशाच्या माथ्यावर थांबण्याची शक्यता असते, तेव्हा मात्र प्रवाशाचा संपूर्ण भार दांड्यावर येतो. अशा वेळीही मांड्या व कंबर घट्ट धरणारा उत्तम लॅप बार पुरेसा ठरतो, हे अलीकडच्या रचनांनी दाखवून दिले आहे.

रूळ तेच, अनुभव निराळा

याचे बोलके उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानातील 'रिव्हॉल्यूशन'. जर्मन निर्माते अँटोन श्वार्झकोफ यांची ही गाडी १९७६ मध्ये सुरू झाली. आधुनिक काळातील पहिला उभा वळसा तिच्या नावावर आहे. पूर्ण गोल वळशात शिरताना बसणारा जोरदार दाब टाळण्यासाठी या वळशाला थेंबासारखा आकार देण्यात आला होता. आरंभी गाडीत केवळ लॅप बार होते. पुढे त्यांच्या जोडीला हार्नेस आले आणि ज्या मार्गाच्या सहजतेचे कौतुक होत असे, त्याच मार्गावर डोके आपटण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. अखेर २०१६ मध्ये नव्या गाड्या आणून पुन्हा केवळ लॅप बार बसविण्यात आले. मार्ग बहुतांशी जुनाच राहिला, प्रवास मात्र सुखद झाला.

ओहायो राज्यातील किंग्ज आयलंड उद्यानातील 'फ्लाइट ऑफ फिअर'ची कथाही अशीच आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या, बंदिस्त इमारतीत धावणाऱ्या या गाडीचे हार्नेस २००१ मध्ये काढून लॅप बार बसविण्यात आले. जर्मनीतील युरोपा-पार्कमध्ये २००९ साली सुरू झालेली 'ब्लू फायर' तर चार वेळा उलटी होऊनही प्रथमपासून लॅप बारवरच धावते.

मधला मार्ग

याचा अर्थ हार्नेस सर्वत्र वाईट असा नव्हे. रुळांची आखणी काटेकोर असेल तर डोके आपटतच नाही. गाडी कुशीवर वळताना रुळांभोवती न फिरता प्रवाशाच्या छातीच्या पातळीभोवती फिरेल, अशी आखणी केली की डोक्याला बसणारे आडवे हिसके बरेच कमी होतात. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीच्या अनेक गाड्या हार्नेस असूनही सुखद मानल्या जातात, त्यामागे हेच कारण आहे. खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानातील 'नायट्रो' याच कंपनीची आहे.

दुसरा उपाय म्हणजे मऊ जाकिटासारखा हार्नेस. यात कानाजवळ कठीण भाग राहत नाही. इटलीतील गार्डालँड येथील 'रॅप्टर'मध्ये २०११ मध्ये असे जाकीट वापरले गेले. डोके आपटण्याबद्दल बदनाम झालेल्या काही जुन्या लोंबत्या गाड्यांनाही नंतर तो देण्यात आला. मात्र जाकीट प्रवासात अधिक आवळत जाते आणि छातीवर दाब येतो, अशी तक्रार काही ठिकाणी ऐकू येते. उंच टेकड्यांवरून जाताना आसनातून अलगद उचलले जाण्याची मजाही खांदे बांधलेले असल्यास हरवते. म्हणूनच अशा गाड्यांत बहुधा लॅप बारच असतो.

सुखापुढे सुरक्षा

आराम कितीही महत्त्वाचा असला, तरी दांड्याचे पहिले काम प्रवाशाला धरून ठेवण्याचेच. अमेरिकेतील एएसटीएम संस्थेच्या मानकात गाडीवर येणाऱ्या बलांनुसार या यंत्रणांचे पाच वर्ग केले असून वरच्या वर्गांसाठी कुलपाच्या दुहेरी व्यवस्थेचा आग्रह धरला आहे. लॅप बार मांड्यांऐवजी पोटावर टेकला, तर तो बंद दिसूनही शरीराला नीट धरत नाही. जुलै २०१३ मध्ये टेक्सासमधील 'न्यू टेक्सास जायंट' या गाडीतून पडून एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथे दांड्यांच्या जोडीला कमरेचे पट्टे बसविण्यात आले आणि प्रवेशद्वारापाशी बसून पाहण्यासाठी नमुन्याचे आसन ठेवण्यात आले.

प्रवाशांच्या हातीही काही गोष्टी आहेत. पाठ आसनाला पूर्ण टेकवून ताठ बसावे आणि डोके मागील उशीला लावून ठेवावे. दांडा खाली घेताना पोट किंवा खांदे मुद्दाम फुगवून जागा राखू नये, कारण सैल दांड्यातच आपटण्याचा धोका अधिक. नमुन्याचे आसन असेल तर रांगेत उभे राहण्यापूर्वी त्यात बसून पाहावे. दांडा नीट बसत नसल्यास तसे कर्मचाऱ्याला सांगून उतरण्यात संकोच बाळगू नये.