ताटातील हक्क

वाचकहो, शाळेत दुपारी मुलांना मिळणारी खिचडी ही सरकारची मेहेरबानी आहे, असे आपणांस वाटते काय? इतिहास निराळे सांगतो. २००१ साली राजस्थानात दुष्काळाने माणसे उपाशी होती. सरकारी गोदामे मात्र धान्याने भरलेली होती. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्कांसाठी झगडणारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात अन्नही येते, असे तिचे म्हणणे होते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला : सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न द्यावे. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा हक्क पक्का केला. म्हणून शिक्षक बंधूंनो, ताट पुढे करणारे मूल याचक नव्हे, हक्कदार आहे, हे विसरू नका.